ओल्या रंगाची पाटी

गाडी घरी आली ती संध्याकाळी, आणि रंगाऱ्याने तिच्याभोवती आधी तीन चकरा मारल्या. चौथ्या चकरेला गुडघ्यावर बसून दाराच्या खालच्या कडेवरून तळहात फिरवला, उठताना कमरेला हात लावला आणि म्हणाला, "रंग बरा आहे." पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती, दारं, खिडक्या रंगवलेल्या माणसाच्या तोंडून 'बरा' हा शब्द निघणं म्हणजे केवढी गोष्ट, ते त्याच्या लेकीला पक्कं माहीत होतं. ती गालातल्या गालात हसली आणि तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

गाडी निळी होती. गडद निळी, सावलीत काळ्याकडे झुकणारी. असल्या रंगावर धुळीचा कण बसला तरी चुगली होते, पाण्याचा थेंब वाळला तरी त्याचं गोल उमटतं. सांभाळायला महाकठीण रंग. पण लेकीने तोच घेतला, कारण फार पूर्वी बोलता बोलता आई म्हणाली होती, गाडी घेतलीस कधी तर निळी घे, चांगली गडद. आईला यातलं अजून काही सांगितलेलं नव्हतं. ती डोळ्यांच्या दवाखान्यात होती, ऑपरेशन होऊन डोळ्यावर पट्टी बांधलेली, सोबतीला तिची धाकटी बहीण. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पट्टी निघायची होती आणि एकच्या सुमारास ती घरी यायची होती.

आता या बाईबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

रंगाऱ्याच्या बायकोला हाताखालची सगळी माणसं इन्स्पेक्टर म्हणायची. तोंडावर नव्हे अर्थात, तेवढी कुणाची छाती नव्हती. लग्नानंतर पहिल्या वर्षापासून ती नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन कामावर जायची. डबा खाली ठेवायची, रंगवलेल्या भिंतीच्या अगदी कडेला जाऊन उभी राहायची, मान तिरकी करायची आणि भिंतीवरून नजर सरकवत न्यायची. मग बोट दाखवून दोनच शब्द बोलायची. "तिथे राहिलंय." आणि तिथे राहिलेलं असायचंच. ब्रशचा केस चिकटलेला असायचा, नाहीतर ओघळ, नाहीतर नखाएवढ्या जागेला दुसरा हात लागलेला नसायचा. रंगारी चिडायचा, पाय आपटायचा, "मग तूच घे ब्रश" म्हणायचा, आणि गुमान पुन्हा शिडी चढायचा. त्याच्या कामाचं जे काही नाव झालं ते त्या दोन शब्दांमुळे झालं, हे त्याला कळत होतं, पण कबूल करायला जीभ रेटत नव्हती.

बाईंचा उजवा डोळा लहानपणीच्या आजारात गेलेला. ही सगळी करामत एकट्या डाव्या डोळ्याची.

दोन वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्याच घरातलं स्वयंपाकघर रंगवायला घेतलं. खिडकीच्या वर वीतभर पट्टी राहिली आणि डब्यातला रंग संपला. उद्या करू म्हणून तो शिडीवरून उतरला, तेवढ्यात बायको आत आली. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, चारी भिंतींवरून मान फिरवली आणि म्हणाली, "छान झालंय."

रंगाऱ्याने वळून तिच्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात ती 'छान झालंय' असं एकदाही म्हणाली नव्हती.

मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. ती पायऱ्या मोजून उतरत होती. माणूस चालीवरून ओळखत होती. कपात चहा ओतताना बोट कडेला धरून ठेवत होती. विचारलं की एकच उत्तर, "दिसतंय की. मला काय धाड भरलीये?" तिला डॉक्टरकडे न्यायला पावणेदोन वर्षं गेली, इतकी ती हट्टी. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकून दगड झालाय, तो काढू, पण त्याच्या मागचा पडदा किती शाबूत आहे याची खात्री आत्ता देता येत नाही. पट्टी काढल्यावर काय ते कळेल.

रंगाऱ्याच्या जिवाला घोर होता तो हाच. पट्टी निघाल्यावर ती 'दिसतंय' म्हणणार, हे तर ठरलेलंच. काही दिसत नव्हतं तेव्हाही ती तेच म्हणत आली होती. तिच्या 'दिसतंय'वर त्याचा आता काडीचा विश्वास उरला नव्हता. पण हे सगळं त्याने मनाच्या तळाशी दाबलं आणि वर एक जिद्द बसवली: घरी येऊन तिने पहिली बघायची ती ही गाडी, आणि तिच्यावर केसाएवढासुद्धा डाग असता कामा नये.

सकाळी नऊला लेक निघायच्या घाईत होती. एका पायात चप्पल, दुसरी शोधत शोधत ती बोलत होती. "बाबा, नीट ऐका. दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हा कापडी हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच शाम्पूत बुडवायचा, नाहीतर त्यातली कच परत रंगावर घासली जाते. वरून खाली यायचं. चाकांना वेगळं कापड. कोरडी करायची ती या जाड टॉवेलने, टिपून. रगडायचं नाही."

"बरं."

"मग हे कोटिंग." तिने खोक्यातून अंगठ्याएवढी बाटली काढली. "हे बसलं की वर्षभर रंगाची काळजी नाही. सावलीत लावायचं. स्पंजवर चार-पाच थेंब घ्यायचे, एका वेळी थोडीशीच जागा करायची आणि लगेच..."

"अगं ए," रंगारी म्हणाला. "पस्तीस वर्षं मी काय गोट्या खेळलो? तू लोकांच्या कवळ्या बनवतेस. मी येतो का तुला दात शिकवायला?"

"पण हे वेगळं असतं, बाबा. आतला कागद तरी वाचा."

"वाचतो. जा तू, टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय."

लेक गेली. कागद आठ घड्यांचा होता आणि अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. रंगाऱ्याने तो उलगडला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला आणि परत घडी घालून खिडकीच्या कट्ट्यावर डब्याखाली ठेवून दिला. रंग कसा लावायचा हे कागदावर वाचायची वेळ आली तर मग झालंच.

घराला लागून पत्र्याची शेड होती. इतकी वर्षं तिथे शिड्या आणि रिकामे डबे राहायचे, आता तिथे गाडी उभी होती. रंगाऱ्याने बाह्या सरसावल्या. आधी पाइपने नुसतं पाणी मारलं आणि धूळ वाहून जाऊ दिली. मग हातमोजा शाम्पूत बुडवला आणि टपापासून सुरुवात केली. हातमोजा टपावरून असा सुळकन गेला की त्याला स्वतःशीच हसू आलं. भिंत कधी अशी हाताखालून सरकत नाही. भिंत खरखरते, अडते, रंग पिऊन टाकते. इथे हात फिरेल तिकडे फेस, फेसाखालून निळा, आणि त्या निळ्यात उलटी शेड, उलटा पत्रा, आणि पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा वाकून बघतोय. "काय बघतोस रे?" असं त्याने त्या म्हाताऱ्याला विचारलंसुद्धा.

लेकीने सांगितलं ते त्याने तंतोतंत केलं, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. दर वेळी मोजा साध्या पाण्यात खळबळला. चाकांना वेगळं कापड घेतलं. आरशांच्या खाचेत अडकलेलं पाणी फुंकर मारून काढलं. टॉवेल टिपून टिपून गाडी अशी कोरडी केली की शेवटी टॉवेलच तेवढा ओला उरला. कामावर जाणं त्याने वर्षभरापूर्वी बंद केलं होतं, गुडघे शिडीला कंटाळले म्हणून. आज ते गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. तो उठत होता, बसत होता, आणि मध्येच घड्याळ बघत होता. साडेदहा.

मग आलं कोटिंग, आणि इथे रंगारी आपल्या वळणावर गेला. गाडीखाली त्याने वर्तमानपत्रं अंथरली. रबरांच्या कडांना चिकटपट्टी लावली. स्पंजवर थेंब घेतले आणि टपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता, न उचलता, हात ओढत गेला. कारण रंगकामातला पहिला धडा हा की हात मध्ये तोडायचा नाही, नाहीतर जोड दिसतो. टप झाला, बॉनेट झालं, उजवी दारं झाली, डिकी झाली, शेवटी डावी बाजू झाली. पाऊण तासात सगळी गाडी ओलीगच्च. आणि काय सांगावं, मागे वळून पाहतो तर निळ्यावर बारीक सप्तरंग उमटलेले, पाण्यावर तेल पसरावं तसे. रंगाऱ्याचं ऊर भरून आलं.

रंगकामातला दुसरा धडा पहिल्याहून मोठा: ओल्या रंगाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याच्यापाशी एक पत्र्याची पाटी होती, धंद्याच्या पहिल्या वर्षी त्याने स्वतः रंगवलेली. 'ओला रंग. हात लावू नये.' ती पाटी आजवर दीडेक हजार दारांना लटकली असेल. आज तिच्यावरची धूळ झटकून त्याने ती गाडीच्या आरशाला अडकवली, समोर स्टूल मांडलं, आणि डोळ्यांत तेल घालून राखणीला बसला. शेजारचं मांजर टपावर बसायच्या इराद्याने भिंतीवर आलं, त्याला त्याने जोडा दाखवला.

साडेअकराला फाटक वाजलं. शेजारचा ड्रायव्हर होता. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला आणि तेव्हापासून जगाच्या पाठीवरच्या प्रत्येक गाडीबद्दल मत असलेला. "वा वा वा," म्हणत तो हात पुढे करून आलाच.

"हात खाली," रंगारी गरजला. "पाटी वाच."

ड्रायव्हरने पाटी वाचली, गाडी पाहिली, पुन्हा पाटी वाचली. "नवी गाडी आणि रंग ओला? कारखान्यातून भट्टीत भाजून येतो रे तो."

"कोटिंग केलंय. सुकतंय."

"कधी लावलंस?"

"साडेदहाला हात धरला, आत्ता संपवलं."

"आणि पुसलंस कधी?"

रंगाऱ्याने त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "पुसायचं कशाला? रंग लावून कुणी पुसतं का?"

कट्ट्यावरचा कागद ड्रायव्हरने उचलला, चष्मा वर सरकवला आणि मोठ्याने वाचायला लागला. "एका वेळी दोन वितींची जागा घ्यावी. सप्तरंगी छटा दिसू लागताच, म्हणजे दोन मिनिटांच्या आत, कोरड्या कापडाने पूर्ण पुसून घ्यावे. न पुसल्यास थर कडक होऊन कायमचे डाग राहतात." त्याने कागद खाली केला. "दोन मिनिटं म्हणतोय."

रंगाऱ्याने टपाकडे पाहिलं. मघाचे सप्तरंग गेले होते. त्यांच्या जागी धुरकट पट्टे दिसत होते, त्याच्या हाताच्या ओढीचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध. कापड घेऊन त्याने एका पट्ट्यावर घासलं. पट्टा हलला नाही. जोर लावून घासलं. तरी नाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. लेक होती, आणि तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "बाबा, पट्टी काढली. आई म्हणते दिसतंय."

"काय दिसतंय?"

"सगळं, म्हणते."

"कशात खोट काढली का तिने? खिडकीचा पडदा वाकडा आहे, भिंतीला डाग आहे, असं काही?"

"नाही हो. उलट डॉक्टरांना म्हणाली, तुमचा दवाखाना छान आहे."

रंगारी भिंतीला टेकला. छान आहे. तोच सूर, स्वयंपाकघरातला. "डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"म्हणाले आज सूज आहे, नीट तपासणी आठवड्याने. आज तिला स्वतःला काय वाटतं तेच खरं धरायचं. आम्ही निघतोय, मावशीला तिच्या घरी सोडून तासाभरात पोचतो. तुमचं झालं ना?"

"झालं," रंगारी म्हणाला आणि फोन ठेवला. गाडीवर त्याचे स्वतःचे पट्टे होते, घरात येणारी बायको कदाचित ते बघूही शकणार नव्हती, आणि यातलं जास्त वाईट कुठलं हे त्याला सांगता आलं नसतं.

"कंपनीत नेऊन यंत्राने घासून घ्यावं लागेल," ड्रायव्हर म्हणाला. "आज काही व्हायचं नाही."

"गप बस जरा."

रंगाऱ्याने एका पट्ट्यावरून अंगठा फिरवला, नख लावून पाहिलं, वास घेतला. आणि एकदम त्याला आठवलं ते लाखेचं पॉलिश. तरुणपणी तो एका सुताराकडे कपाटं पॉलिश करायचा. लाखेचा हात वाळून कडक झाला आणि त्यात खोट राहिली, तर त्यावर काय मारायचं? लाखच. नवा हात वाळलेल्या हाताला मऊ करतो, उठवतो. मात्र तिथे रेंगाळायचं नाही, उठलं की लगेच ओढून काढायचं.

बाटली त्याने उजेडात धरली. तळाशी करंगळीच्या पेराएवढं शिल्लक होतं. स्पंजच्या कोपऱ्यावर एकच थेंब घेतला, डिकीच्या कडेला एका पट्ट्यावर चोळला, मनात पाच मोजले आणि कोरडं कापड मारलं. पट्टा गेला. खाली निळा असा लखलखला की ड्रायव्हरच्या तोंडून शिट्टी निघाली.

"चपला काढ," रंगारी त्याला म्हणाला. "ते कापड घे. मी लावत जातो, तू माझ्या पाठोपाठ पुसत ये. पाच मोजायचे आणि पुसायचं. बोलायचं नाही."

आणि मग जी काय धांदल उडाली. दोन म्हातारे, दोघांचे मिळून चार गुडघे, आणि त्यातला एकही धड नाही. रंगारी स्टुलावर चढून टपावर थेंब चोळतोय, ड्रायव्हर पलीकडून पाटावर चढून पुसतोय आणि मोठ्याने पाच मोजतोय. न बोलणं त्याला जमण्यातलं नव्हतंच. "एक, दोन, तीन, अरे इकडे राहिला, चार." टप निघाला. बॉनेट निघालं. बाटलीत थेंब मोजून राहिले तसा रंगारी एका थेंबात दोन पट्टे बसवायला लागला. उजवी दारं, डिकी. साडेबारा वाजले. डावी बाजू अजून तशीच होती. सकाळी तिला हात सगळ्यात शेवटी लागला होता म्हणून ती सगळ्यात मऊ होती, हे नशीब. दोघांच्या सदऱ्यांना पिळलं तर बादली भरली असती. पण रंगाऱ्याला खरं विचाराल तर इतकी मजा त्याला कित्येक वर्षांत आली नव्हती. हात चालत होता, डोकं चालत होतं, आणि पुढ्यात एकेक वीत निळा उघडा पडत होता.

बाटलीतला शेवटचा थेंब मागच्या डाव्या चाकाच्या वर संपला. ड्रायव्हरने पुसलं, दोघांनी चारही बाजूंनी वाकून वाकून पाहिलं. कुठे काही नाही. नुसता निळा. "आरसा झालाय, आरसा," ड्रायव्हर म्हणाला. आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर टॅक्सी वळली.

इतका वेळ रंगाऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, डाग काढायचा. टॅक्सीचं दार उघडलं, बायकोचा पाय खाली आला, आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आपण काय करून बसलोय. गाडीवर डागच ठेवला नाही. आता ती बघणार, छान झालंय म्हणणार, आणि ते खरं की खोटं हे आपल्याला जन्मात कळणार नाही.

तिच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. लेकीचा दंड धरून ती फाटकातून आत आली. फाटकापाशी दोन पायऱ्या होत्या, तिथे तिने पाय आधी चाचपून मग टेकवला. सवयीने असेल, रंगाऱ्याने स्वतःला सांगितलं. सवय असते माणसाला.

"वहिनी, या या," ड्रायव्हर ओरडला. "बघा लेकीने काय आणलंय. निळीशार गाडी."

रंगाऱ्याने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. रंग विचारून तिची नजर पारखायचा तेवढा एक मार्ग होता, तोही या शहाण्याने बुजवला.

ती गाडीसमोर येऊन उभी राहिली. "ओला रंग. हात लावू नये," ती म्हणाली.

"बाबा, वाचलं तिने," लेक म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. रंगाऱ्याचंही काळीज क्षणभर उडालं. पण लगेच जागेवर आलं. ती पाटी बायको बत्तीस वर्षं बघत आली होती. ती आरशाला लटकलेली आहे एवढा अंदाज आला की पुढचं तिला तोंडपाठ होतं.

"गाडी कुणाची?" तिने विचारलं.

"आपली," लेक म्हणाली. "माझी. तू म्हणाली होतीस ना, गडद निळी घे."

हात पुढे करून बायकोने लेकीचा गाल चाचपला, कुरवाळला. मग मान गाडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि म्हणाली, "छान आहे."

रंगाऱ्याने मान खाली घातली. हातातल्या कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. छान आहे तर छान आहे. आपण आहोत की. कपात चहा आपण ओतू, पायऱ्यांना कठडा बसवू. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात काढली, आता या घरात काढू. असं तो मनाशी म्हणत होता, आणि त्याला डोळ्यांतलं पाणी आवरत नव्हतं.

डोकं वर केलं तर बायको समोर नव्हती. ती शेडच्या मागच्या टोकाला गेली होती, गाडीच्या अगदी कडेला. काळा चष्मा तिने काढून हातात धरला होता. "आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना, उजेडात काढायचा नाही," लेक म्हणत होती. "एक मिनिट गं," असं म्हणून तिने मान तिरकी केली आणि डावा डोळा बारीक करून गाडीच्या अंगावरून नजर सरकवत नेली, दिव्यापासून दारापर्यंत. मग तिने बोट वर केलं.

"तिथे राहिलंय."

ड्रायव्हर लगबगीने पुढे झाला, वाकला, डोळे फाडून पाहिलं. "कुठे वहिनी? मला तर काही दिसत नाही."

"तुम्हाला कसं दिसेल? समोरून बघताय. इथून बघा. चाकाच्या वर, हाताएवढा धुरकट पट्टा आहे. घाईघाईत पुसलेला दिसतोय." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, असे पुतळ्यासारखे काय उभे राहिलात? घ्या ते कापड."

रंगारी गेला. गुडघे टेकून चाकाशी बसला आणि तिच्या बाजूने मान तिरकी केली. होता. शेवटच्या थेंबाच्या कडेचा, कुणाच्या बापाला दिसला नसता असा पट्टा. त्याने कापड उचललं आणि पट्ट्याच्या चार बोटं खाली पुसायला लागला.

"खाली नाही हो. वर."

त्याने चार बोटं वर पुसलं.

"अहो, एवढं वर नाही. डावीकडे. तुमची डावी. अजून थोडं. अजून. डोळे आहेत की बटणं?"

लेक त्याच्या मागे उभी होती. कापड कुठे फिरतंय आणि पट्टा कुठे आहे, हे आता तिलाही दिसत होतं. बाबांचे खांदे हलत होते तेही दिसत होतं. आणखी दोन-तीन वेळा त्याने मुद्दाम चुकवलं आणि प्रत्येक वेळी बोलणी खाल्ली. शेवटी बायकोने त्याच्या हातातलं कापड ओढून घेतलं, चष्मा त्याच्याकडे दिला, आणि पट्ट्यावर तोंडाची वाफ सोडून तीन हातांत तो साफ केला. "हं," ती म्हणाली. "आता झालं."

मग चष्मा परत घालून ती घरात निघाली. पायऱ्या चढताना तिने पाय चाचपला नाही. लेक तिच्यामागून गेली, ड्रायव्हर आपल्या चपला शोधायला लागला. रंगारी आरशावरची पाटी काढत होता, आणि पाटी हातात असतानाच त्याला स्वयंपाकघर आठवलं. खिडकीवरची ती वीतभर पट्टी. दोन वर्षं झाली, त्याच्याच्याने तिथे ब्रश लावणं झालं नव्हतं.

आत पावलांचा आवाज बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेला आणि थांबला. रंगारी पाटी छातीशी धरून, श्वास रोखून उभा राहिला.

"अहो," आतून हाक आली. "इकडे या जरा. हे काय आहे खिडकीवर?"

"आलो," तो म्हणाला, आणि शिडी घ्यायला वळला.